रेजिना टीचरांची सही

रेजिना टीचर कुठलाही कागद मनातल्या मनात वाचत नसत. लग्नाची पत्रिका असो की औषधाच्या बाटलीवरची सूचना, चष्मा पुसून त्या मोठ्याने वाचत. एखादं वाक्य खटकलं की विचारत, "हे कोण म्हणालं?"

आगाशीच्या शाळेत त्यांनी जन्मभर मराठी शिकवलं. निवृत्तीनंतर भुईगावच्या घरी, केळीच्या वाडीत एकट्याच राहत. मी तिथे पोचले ती वकिलीच्या पहिल्या वर्षी. खोल समुद्रात तेलासाठी विहिरी खोदायचं ठरलं होतं. त्याच भागात प्रवाळाचे खडक आहेत, मासळी त्यांच्या आसऱ्याने वाढते, म्हणून मच्छीमार हायकोर्टात गेले होते. मी त्यांच्या वकीलबाईंची ज्युनियर. प्रतिज्ञापत्रं इंग्रजीत असत. मजकूर मराठीत समजावून सांगितला, अशी खाली कुणीतरी सही करावी लागे. ते काम टीचरांनी आपणहून घेतलं होतं.

"टीचर, तुम्ही तर कधी होडीतही बसला नाहीत," मी एकदा म्हटलं.

"मला पाण्याची भीती वाटते गं. पण माझे विद्यार्थी रोज जातात ना तिथे."

त्यांतलेच एक लक्ष्मणकाका, अर्नाळ्याचे तांडेल. स्वतःची बोट चालवून केस पांढरे झालेले, पण टीचरांसमोर अजून चौथीतल्यासारखे हात मागे बांधून उभे राहत. आमची सगळी मदार त्यांच्या प्रतिज्ञापत्रावर होती. दुसऱ्या दिवशी ते दाखल करायचं, आणि टीचर एका ओळीशी अडल्या. 'त्या जागी तळाशी प्रवाळ असल्याचे मी स्वतः पाहिले आहे.'

"हे कोण म्हणालं? लक्ष्मण, तू पाहिलंस?"

"खाली कोन उतरतंय, टीचर? जाल्यात येतो तेवढा बगतो."

"काय येतं?"

"दगड. भोकाभोकांचा. पन जिता हाय तो. पान्यात परत नाय टाकला तर दुसऱ्या दिवशी मेलेल्या मासळीसारका वास मारतो."

"मग हेच लिही," टीचर मला म्हणाल्या.

मी चिडले. "टीचर, ते वाक्य नसेल तर केस लंगडी पडेल. यांच्या भल्यासाठीच आहे ते."

"भल्यासाठी आहे, तर खरं लिहायला कसली भीती? मी सही करणार नाही, बाळ."

सीनियरबाई फोनवर माझ्यावरच ओरडल्या. मी रडवेली होऊन सगळं पुन्हा टाइप करत बसले. टीचरांनी शेजारी सुकेळ्यांची, वाडीतल्याच सुकवलेल्या केळ्यांची, बशी आणून ठेवली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी सुकेळ्यांना हात लावला नाही.

सुनावणीला कोर्ट भरलं होतं. समोरच्या वकिलांनी ते प्रतिज्ञापत्र उचललं आणि म्हणाले, हे सगळं वकिलांनी पढवलेलं आहे, या गृहस्थांना प्रवाळ म्हणजे काय हे तरी ठाऊक आहे का? लक्ष्मणकाका मागेच, टीचरांशेजारी बसले होते. न्यायमूर्तींनी त्यांना पुढे बोलावून मराठीतच विचारलं, "प्रवाळ म्हणजे काय, माहीत आहे?"

"नाय, साहेब."

कोर्टात हशा पिकला.

"मग सही कशावर केलीत?"

"माज्या जाल्यात दगड येतो, साहेब, त्यावर. भोकाभोकांचा. जिता हाय तो..." काका बोलत राहिले. न्यायमूर्तींनी पान उलटलं, बोट फिरवत ओळ न ओळ ताडून पाहिली. मग त्यांनी मान वर केली. आता कुणी हसत नव्हतं. तज्ज्ञांनी समुद्रतळाची पाहणी करेपर्यंत खोदकाम करू नये, असा हुकूम झाला.

बाहेर व्हरांड्यात मी टीचरांचा हात धरला.

"सकाळपासून जेवली आहेस का?" त्यांनी विचारलं.

पाहणीची बोट निघाली, त्याच आठवड्यात टीचर गेल्या. दुपारी आरामखुर्चीत डोळा लागला तो लागलाच. अंत्यविधीच्या दिवशी अर्नाळ्याच्या कितीतरी बोटी समुद्रात गेल्या नाहीत. भुईगावच्या चर्चमध्ये बसायला जागा उरली नव्हती. अर्नाळ्याची माणसं बाहेर उन्हात उभी होती.

केस अजून चालू आहे. पाण्याखाली काढलेले फोटो आले, तेव्हा ते घेऊन मी अर्नाळ्याला गेले. लक्ष्मणकाकांनी जाळं बाजूला सारलं, हात लुंगीला पुसले आणि एकेक फोटो डोळ्यांजवळ धरला. जांभळे, केशरी, फुलांनी डवरल्यासारखे खडक.

"एवडा रंग असतो व्हय त्याला? आमच्या हाती येतो तो फिका पडलेला," ते म्हणाले. मग हळूच, "टीचरना दाखवायला पायजे होता."

त्यांनी फोटो नीट जुळवून माझ्या हाती दिले. नवं प्रतिज्ञापत्र करायचं होतं, मी वही उघडली.

"लिवा. आता बगितला मी," काका म्हणाले. पेन टेकणार तोच त्यांनी हात पुढे करून मला थांबवलं.

"फोटोत बगितला, असं लिवा."