पोस्टकार्डाएवढे बाबा

माझा स्वभाव आधीच संशयी, त्यात मी घरी फोटो छापायचा इंकजेट प्रिंटर घेतला. शाई असली आहे का, फोटोपेपर पाकिटावर लिहिलाय तेवढा जाड आहे का, गिऱ्हाइकाने मूळ फोटो पाठवलाय की कुठून तरी उचललेला, सगळ्यावर माझी नजर. बहुतेक वेळा माझा संशय खरा निघतो, हे सांगायला मला आवडतं.

त्या दिवशी बाबा कामठ्याहून गोंदियाला माझ्याकडे आले ते दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून. धानाची कापणी सुरू असताना हा माणूस शेत सोडून कुठे जात नाही.

"माझा एक फोटो काढ अन् छापून दे," म्हणाले.

मी हबकले. आमच्या घरी भिंतीवर फोटो लागतो तो गेलेल्या माणसाचा. सध्या तिथे एकटी आई आहे.

"काऊन, बाबा? बरं नाही वाटून राहिलं का?"

"मले काय धाड भरली?"

हे उत्तर मला पटलं नाही. खिडकीजवळ बसवून मी फोनवर त्यांचा फोटो काढला. ते हातपाय धुवायला मोरीत गेले तशी त्यांची पिशवी चाचपली. दवाखान्याचा कागद नाही, गोळ्यांची पट्टी नाही. निघाली एक नवीकोरी, रिकामी फ्रेम. फोटो लगेच दादाला पाठवला, तोही व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट करून, म्हणजे त्यातला एकही पिक्सेल गळू नये. खाली लिहिलं, मोठा करून डोळे बघ, पिवळे वाटतात का.

कम्प्युटरवर उघडला तर फोटो देखणा आला होता. कपाळावरची आठी, भुवईतला पांढरा केस, सगळं स्वच्छ. बाबा आल्यावर मी म्हटलं, "पूर्ण कागदभर काढते. इंचाला तीनशे ठिपके धरले तरी पुरून उरतात."

"नाई. एवढाच." त्यांनी पिशवीतून फ्रेम काढली. पोस्टकार्डाएवढी, आईच्या फोटोची आहे तशीच.

आईचा धड फोटो एकच. नात्यातल्या लग्नाच्या गर्दीतून कापलेला, व्हॉट्सॲपवर चार घरं फिरून आलेला. त्यात पिक्सेल असे किती असणार. इंचाला तीनशेच्या हिशेबाने ती तळहाताएवढी निघत होती. मी दोनशेवर आणून तिला कशीबशी पोस्टकार्डापर्यंत ओढली. त्याहून ताणलं की तिचे डोळे पुसट होत होते.

"आईच्या फोटोत ठिपकेच नव्हते, बाबा. तुमच्या आहेत. वाया कायले घालवता?"

"मंग माझे कमी कर."

आता माझा धीर सुटला. कोणत्या डॉक्टरने काय सांगितलं ते आधी सांगा, म्हटलं.

"मले काईच झालं नाई. पण मी गेलो का तुमी भाऊ-बहीण माझा मोठा फोटो लावान. तुही माय एवढीशी, अन् बाजूले मी भिताडभर. तुमचा काई भरोसा नाई. म्हणून आताच लावून ठेवतो."

कम्प्युटरवर फोटो उघडल्याबरोबर माझ्या मनात आलंच होतं, हा पुढे कामी येईल. मला लाज वाटली आणि त्यांचा रागही आला.

पोस्टकार्डाएवढा छापला, फ्रेममध्ये बसवला.

"आता तो मोठावाला डिलीट मार."

कम्प्युटरवरचा उडवला, फोनवरचाही उडवला.

"कचऱ्याच्या डब्यातूनबी काढ."

तेही केलं. हे त्यांना कोणी शिकवलं कोण जाणे. माझ्यात संशय कुठून आला ते मात्र कळलं.

फ्रेम पिशवीत घालून ते दारापर्यंत गेले आणि थांबले.

"तुह्या दादाले तर नाई ना धाडला?"

मी त्यांच्यासमोरच दादाला फोन लावला.