ठाण्याबाहेर थांबलेल्यांचे रायटर काका

श्री. गंगाधरराव टाले यांची आणि माझी पहिली ओळख त्यांच्या रागावण्याने झाली. हिंगोलीच्या कोर्टाच्या आवारात, कडुलिंबाखाली, मुद्रांक विकणाऱ्यांच्या रांगेत शेवटचं टेबल त्यांचं. चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली, पुढ्यात एक जाडजूड वही. आमच्या तांड्याची सत्तावीस माणसं एका पिकअपमधून उतरून त्यांच्यासमोर उभी राहिली, तेव्हा त्यांनी मान वर करून विचारलं, “वरात कोणाची हाय?”

मी तेव्हा बारावीत होते. आमचा तांडा साखऱ्याच्या अलीकडे माळावर. आदल्या दिवशी सकाळी माझ्या वडिलांना, भावसिंग बापूंना, पोलिसांनी बाजारातून नेलं होतं. कुठे नेलं, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. बापूंना फिट यायची. सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी लागायची. दोनतीन चुकल्या की अंग आखडलंच म्हणून समजा. याडीने, म्हणजे माझ्या आईने, गोळ्यांचं पाकीट पदराच्या गाठीत बांधलं होतं आणि आदल्या दुपारपासून ती गाठ तिने मुठीतून सोडली नव्हती.

आमच्याकडची रीत अशी, की एका माणसावर संकट आलं तर अख्खा तांडा निघतो. पुढे नायक, म्हणजे तांड्याचा प्रमुख, मागे सगळे. तसे आम्ही सेनगावला जाऊन आलो, नरसीला जाऊन आलो. दोन्हीकडे उत्तर एकच, “इथं नाही.” आम्हाला वाटलं, खोटं बोलताहेत. बायका फाटकावर रडल्या, नायकांचा आवाज चढला, आणि आम्ही तसेच परतलो. मग कोणीतरी सांगितलं, हिंगोलीला रायटर काकांकडे जा.

“ठाण्यात जाऊन विचारलं काय तुमी?” काकांनी नायकांना विचारलं.

“विचारलं की, साखऱ्याकडच्या तांड्याचा भावसिंग इथं हाय का?”

“हां, तिथंच चुकलं! माणसाचं गाव काहून सांगता? गुन्ह्याचं गाव सांगा. माणूस कुठला हाय त्यावर अटक लिहीत न्हाईत, गुन्हा जिथं नोंदला तिथं लिहितात. तुमच्या गावच्या ठाण्यात तुमचा माणूस असंलच असं कोण सांगितलं तुमाला?”

गुन्हा काय आहे, हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. नेणाऱ्यांना विचारायचं कोणाला सुचलंच नव्हतं. काकांनी मग याडीला समोरच्या स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, आणि बाजारात पोलीस बापूंशी काय बोलत होते ते पुन्हा पुन्हा आठवायला लावलं. दमात न घेता, हळूहळू. शेवटी याडीला आठवलं. विहिरीवरच्या मोटारीचं काहीतरी बोलत होते, आणि बापूंनी मागच्या हंगामात ज्यांच्या शेतावर काम केलं होतं त्या मालकाचं नाव निघालं होतं. ते शेत दुसऱ्या तालुक्यात.

“झालं! निम्मा माणूस सापडला,” काका उठले. “नायक, तुमी माणसं घेऊन च्या प्या. एवढी माणसं फाटकावर दिसली की आतला शिपाई घाबरते, अन घाबरलेला शिपाई आधी न्हाईच म्हणते. ही माय अन ही पोरगी माझ्यासंगं बास.”

काकांनी त्या तालुक्याच्या ठाण्यात फोन लावला. नाव, वय, गुन्ह्याचं गाव सांगितलं आणि विचारलं, “अटक किती वाजता दाखवली?” पलीकडून नीट उत्तर आलं. दुपारी चार वाजता अटक, सरकारी दवाखान्यात तपासणी झालेली, आज जेवणानंतर तिथल्याच कोर्टात हजर करणार. नातेवाइकांना का कळवलं नाही, असं काकांनी विचारल्यावर पलीकडचा माणूसही वैतागला. म्हणे, कालपासून दहा वेळा फोन लावला, बंदच येतो! आरोपीने दिलेला नंबर त्याने वाचून दाखवला. तो बापूंचाच होता. आमच्या घरात फोन एकच, तो बापूंच्या खिशात, आणि अटकेनंतर तो ठाण्याच्या कपाटात. घरचा नंबर विचारला, तर बापूंनी बिचाऱ्यांनी घरचाच सांगितला होता!

याडी हसली आणि हसता हसता रडली. काका म्हणाले, “रडू नका माय, माणूस हवेत जात न्हाई. कुठं ना कुठं त्याच्या नावाची एक ओळ असतीच. चला, गाडी धरू.”

ते आमच्याबरोबर एसटीत बसून आले. कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बापू बसलेले दिसले. तोंड उतरलेलं होतं. काकांनी तिथल्या मोफत सल्ल्याच्या वकिलांना गोळीचं सांगितलं, त्यांनी न्यायाधीशांना सांगितलं, आणि परवानगी मिळाली. याडीला ती गाठ सुटेना. काकांनीच तिच्या हातातून पदर घेऊन नखाने गाठ सोडवली. बापूंनी गोळी घेतली. पुढे त्यांना कारागृहात पाठवलं, तिथेही गोळ्या पोहोचतील याची व्यवस्था काकांनी लावून दिली. मग जामीन झाला आणि काही वर्षांनी ते निर्दोष सुटले. आजही ते हळद शिजवायला कढईपाशी सगळ्यांच्या आधी हजर असतात.

गंगाधररावांना ‘रायटर’ का म्हणतात, हे हिंगोलीत नव्याने आलेल्यांना सांगावं लागतं. ते पोलीस खात्यात होते, आणि ठाण्यात जो लिहितो त्याला रायटर म्हणतात. कोण आलं, कोणाला आणलं, कोणाला नेलं, सगळं त्यांच्या हातून कागदावर जायचं. हेड कॉन्स्टेबल म्हणून निवृत्त झाल्यावर महिनाभरात त्यांनी हे टेबल मांडलं. आपला माणूस कुठल्या ठाण्यात, कुठल्या कोर्टासमोर, कुठल्या कारागृहात आहे हे शोधून देणं, एवढंच त्यांचं काम. त्यासाठी ते एक पैसा घेत नाहीत. कोणी आग्रहच केला तर चहा घेतात, तोही बिनसाखरेचा, म्हणजे तेवढाही फायदा नको!

त्यांची शोधण्याची पद्धत मी पुढे त्यांच्याजवळ बसून शिकले. आधी पोलीस नियंत्रण कक्षाबाहेरचा अटक केलेल्यांच्या नावांचा फलक. मग गुन्हा जिथला तिथलं ठाणं. मग सरकारी दवाखाना, कारण तपासणीशिवाय माणूस पुढे जात नाही. मग कोर्ट, कारण चोवीस तासांच्या आत तिथे हजर करावंच लागतं. आणि शेवटी कारागृहाचं फाटक. आता हे बरंचसं मोबाइलवर दिसतं, आणि काकांनी सत्तरीत तेही शिकून घेतलं. गेल्या उन्हाळ्यात मी एका बाईला मोबाइल दाखवून सांगत होते, “यादीत नाव नाही हो तुमच्या भावाचं.” काका मागून कडाडले, “काय सांगून राहिली तू तिला? यादीत नाव न्हाई म्हंजे यादी अजून चढवली न्हाई. दवाखान्यात विचारलं का?” भाऊ दवाखान्यातच सापडला, तपासणीच्या रांगेत. मी वकील होऊन सात-आठ वर्षं झाली होती, तरी त्या दिवशी स्वतःचाच कान धरावासा वाटला.

नोंद शोधून देणारा हा माणूस नोंद लपवायलाही तितकाच पक्का. एकदा एक गृहस्थ झकपक कपड्यांत आले. त्यांच्या भाचीला स्थळ आलं होतं, मुलाला पूर्वी कधी अटक झाली होती का एवढंच हवं होतं. काकांनी त्यांना बसवलं, चहा पाजला, पाऊसपाण्याच्या गप्पा मारल्या. गृहस्थांनी तिसऱ्यांदा विषय काढला तेव्हा म्हणाले, “रक्ताचा माणूस हरवला असंल तर सांगतो. दुसऱ्याच्या लेकराची जत्रा भरवायला माझं टेबल न्हाई. अन अटक झाली म्हंजे गुन्हा केला, असं कोण्या कायद्यात लिवलंय?” ते गृहस्थ रागाने निघून गेले. चहा मात्र पूर्ण पिऊन गेले, हे काका अजून सांगतात.

काकूंची तक्रार वेगळीच. घरी पाहुणा आला की काका आधी विचारतात, “किती वाजता निघालते? किती वाजता पोचले?” नातवाच्या बारशाला पाळण्यात घालायची वेळसुद्धा त्यांनी वहीत टिपली. काकू म्हणतात, “माझं लग्न लागलं तवाबी यांनी घड्याळ पाहिलं. मला वाटलं नवरी पाहतील!” मलाही कित्येक वर्षं ही गंमतच वाटायची.

वकिलीची सनद मिळाली त्या दिवशी मी पेढे घेऊन टेबलापाशी गेले आणि पायाला हात लावला. काका एरवी भरभरून आशीर्वाद देणारे, त्या दिवशी पाय मागे घेऊन म्हणाले, “बस. आधी एक ऐकून घे, मंग पाया पडायचं का न्हाई ते ठरव.” त्यांनी जे सांगितलं, ते मी त्यांच्याच शब्दांत लिहिते. त्या ठाण्याचं नाव त्यांनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

“नोकरीचे सुरुवातीचे दिवस होते. सडकेच्या कामावरचं एक पोरगं आणलं. विशीतलं असंल. सकाळी नऊ वाजता. साहेब म्हणले, नोंद आत्ता करू नको. म्या पेन खाली ठेवला. बाकी काय केलं न्हाई म्या, मारलं न्हाई, शिवी देली न्हाई. पेन खाली ठेवला, तेवढंच. दुपारी त्याची माय आली, हातात पितळी डबा. म्हणली, दादा, माझं लेकरू इथं हाय का? म्या म्हणलो, इथं कोणी न्हाई. ती फाटकासमोर लिंबाखाली बसली. घंट्या-घंट्यानं उठून यायची अन तेच विचारायची. म्याबी तेच सांगायचो. दिवस मावळायला डबा घेऊन निघून गेली, दुसऱ्या ठाण्यात पाहते म्हणली. पोरगं भिंतीआडच होतं. दुसऱ्या दिवशी सोडून देलं, लिवायचं काहीच न्हाई. जाता जाता मला म्हणते, साहेब, माय आवाज देत होती, म्या ओ देऊ का म्हणून तुमच्या तोंडाकडं पाहत होतो.”

काकांनी पेढ्यांचा पुडा बाजूला सरकवला. मग म्हणाले, “रिटायर झाल्यावर लई शोधलं त्यांला. सडकेवरची माणसं, काम सरलं की पाल उचलून पुढं. नाव ध्यानात न्हाई, गाव ठाऊक न्हाई. नोंदच केली न्हाई तर सापडंल कुठून? ती माय कोण्या दिशेला गेली, लेकराला भेटली का न्हाई, काहीच ठाऊक न्हाई मला.”

मी पाया पडले. का पडले, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आज सांगते. माझ्या याडीच्या पदराची गाठ या माणसाने सोडवली होती, आणि ती सोडवताना त्यांना कोणाचा डबा आठवत असेल हे मला त्या दिवशी कळलं. मला त्यांचा राग आला नाही असं नाही. त्या बाईच्या जागी मला याडीच दिसत होती. रागही आला आणि मायाही आली, आणि आजपर्यंत दोन्ही आहेत. माया जास्त आहे.

हा प्रसंग काकांच्या या गौरवग्रंथात कशाला, असं ग्रंथ काढणाऱ्या समितीतल्या काही ज्येष्ठांनी मला प्रेमाने सुचवलं. ‘आनंदाचा सोहळा आहे, ताई, हे वगळा.’ मी काकांना विचारायला गेले. ते वहीतून मान वर न काढता म्हणाले, “ते न्हाई छापलं तर माझा गौरवबी राहू द्या. अर्धी नोंद म्या एकदा ठेवली, आता आणखी न्हाई ठेवायची.” समितीने ते मान्य केलं, याबद्दल मी समितीची मनापासून ऋणी आहे.

हा ग्रंथ गावोगावी जाईल, तांड्यांवर जाईल, कामासाठी परगावी गेलेल्यांच्या हातीही पडेल. त्यात कोणी असं असेल, ज्याला विशीत एका ठाण्यात एक दिवस आणि एक रात्र ठेवलं होतं आणि ज्याची आई पितळी डबा घेऊन बाहेर लिंबाखाली बसली होती, तर त्याने किंवा त्याच्या माणसांनी हिंगोलीच्या कोर्टाच्या आवारात यावं. शेवटचं टेबल. काका तिथे रोज दहा ते पाच असतात, रविवारी घरी. हल्ली गुडघे दुखतात, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे, पण एक दिवस सुट्टी घेत नाहीत. कोणी म्हातारी आवारात शिरली की अजून चष्मा वर करून तिच्या हाताकडे बघतात.

गंगाधररावांना भरपूर आयुष्य लाभो. गुडघे चालोत, डोळे दिसोत, काकूंची बोलणी त्यांना रोज पोटभर मिळोत. त्यांनी शंभरी गाठावी, असं मी नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाही. त्यांचं एका बाईला उत्तर द्यायचं राहिलं आहे. ती येईपर्यंत त्यांना त्या टेबलापाशी बसायचं आहे, उभं राहून तिच्या हातातला डबा घ्यायचा आहे आणि म्हणायचं आहे, “व्हय माय, तुमचं लेकरू इथंच हाय. सकाळी नऊ वाजल्यापासून.”