वाठोरे सर आणि चौथे अक्षर

सुधाकर वाठोरे सरांना मी पहिल्यांदा पाहिले ते आदिलाबादच्या ज्युनिअर कॉलेजात, इंग्रजीच्या तासाला. बाजारहत्नूरकडून आलेल्या आम्हा मुलींना इंग्रजीची धास्ती. सरांनी पुस्तक उघडलेच नाही. फळ्यावर एक वेडेवाकडे नाणे काढले आणि म्हणाले, "राजाचं तोंड पाहू नका. तोंड सगळ्याइचं सारखंच. अक्षरं पाहा."

मध्ययुगीन इंग्लंडात चांदीची नाणी हातोड्याने ठोकून पाडत. राजा बदलला तरी नाण्यावरचा चेहरा जवळजवळ तोच राही. राजा ओळखायचा तो कडेच्या अक्षरांवरून. पहिल्या एडवर्डच्या बहुतेक नाण्यांवर नाव EDW अशा तीन अक्षरांत उरकलेले असते. त्याच्या मुलाच्या, दुसऱ्या एडवर्डच्या काळात त्याला एखाद-दोन अक्षरे वाढतात. हा नाद सरांना कुठून लागला कोण जाणे, पण आज तिकडचे हौशी लोक शेतात सापडलेल्या नाण्यांचे फोटो आदिलाबादला पाठवतात. अक्षर दिसत नसेल तर सर सरळ कळवतात, वाचता येत नाही. वर्गातही त्यांचे असेच होते. अर्धवट उत्तराला अंदाजाने गुण देत नसत. मुलाला बोलावून विचारत, तुला काय म्हणायचं होतं?

माझी आई दवाखान्यात होती तेव्हा सर रोज संध्याकाळी डबा घेऊन येत. डबा ठेवून निघून जात नसत. आईला मुधोळच्या मामाशी फोन लावून देत आणि तिचे बोलणे संपेपर्यंत दारात उभे राहत.

इतक्या वर्षांत सरांनी स्वतःसाठी एकच नाणे मिळवले. तिसऱ्या अक्षरापुढे ते झिजलेले, कड कातरलेली. चौथ्या अक्षराचा फक्त पाय उरला होता, तोही तिरप्या उन्हात भिंगाखालीच दिसे. फोटोत येत नसे. सरांच्या मते तो 'ए' (A), म्हणजे नाव पुढे चालू, म्हणजे मुलगा. त्यांच्या इंग्लंडमधल्या मित्रांच्या मते तो 'आर' (R), म्हणजे नाव संपून 'रेक्स', लॅटिनमधला 'राजा', हा शब्द सुरू, म्हणजे बाप. मित्र हिवाळ्यात स्वतः येऊन नाणे पाहणार होते. सर त्या दिवसाची लहान मुलासारखी वाट पाहत होते.

आम्ही जुन्या विद्यार्थ्यांनी सरांचा सत्कार ठरवला; त्या दिवशी मांडायला म्हणून आमच्या समितीने ते नाणे मागून आणले. आमच्याकडे कुठलेही कार्य निघाले की चांदी आधी सोनाराकडे उजळायला जाते. आम्हीही नेली. कुणाच्या मनात शंकासुद्धा आली नाही, याचीच आज जास्त लाज वाटते. सोनाराने रिठ्यात उकळून, घासून, पॉलिश करून नाणे आरशासारखे करून दिले, आणि आम्ही त्याचे कौतुक केले.

नाणे घेऊन मीच सरांकडे गेले. सरांनी ते भिंगाखाली धरले, उन्हात नेले, फिरवून फिरवून पाहिले. मग म्हणाले, "गेलं ना पोरी. आता काहीच नाही तिथं."

मला रडू आवरेना.

"काऊन रडून राह्यली? तुमी काय वाईटासाठी केलं?" सर म्हणाले, पण भिंग डबीत ठेवण्याआधी त्यांनी नाणे पुन्हा एकदा उन्हात धरले.

मित्रांना कळवले तेव्हा त्यांनी मोठ्या मनाने लिहिले की, तुमचेच खरे मानू. आम्हाला तेवढेच हवे होते. घाईघाईने नाण्याखालची पाटी रंगवून घेतली: 'दुसऱ्या एडवर्डचे नाणे'. सरांना दाखवायला नेली.

सरांनी ती दोनदा वाचली. "मले 'ए' दिसत होता," ते म्हणाले, "पण आता तो दुसऱ्याले दाखवता येत नाही. खोडा ते."

सत्काराच्या दिवशी मंचावर ते नाणे लखलखत असेल आणि खाली लिहिलेले असेल: 'एडवर्ड. पहिला की दुसरा, सांगता येत नाही.' सरांना निरोगी शतायुष्य लाभो, त्यांची नजर अशीच शाबूत राहो. शाल पांघरताना आमच्या माना खाली असतील. सरांनी तो नुसता आदर समजू नये.