नऊची गोळी, अकराचं ऊन

रायपूरला मी आलो तेव्हा छत्तीसगड राज्य नुकतंच झालं होतं. शंकर नगरच्या बंगल्यांवर भराभर सरकारी पाट्या लागत होत्या. भोपाळ-जबलपूरहून बदलून आलेले बाबू, नागपूरचे रेल्वेवाले, बँकवाले असे सगळे घरच्यासारख्या जेवणासाठी कासावीस होऊन फिरत. माझ्यासारख्याला काम मिळालं ते त्यांच्या भुकेमुळे. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. वर्ध्याकडच्या आमच्या गावी लग्नाच्या पंगतींना पोळ्या लाटायला शिकलो होतो, तेवढीच माझी विद्या.

शंकर नगरात एका काकूंची खानावळ होती, तिथं लागलो. काकूंचं घराणं पुरानी बस्तीतलं, नागपूरकर भोसल्यांच्या वेळी इकडे आलेलं आणि इथलंच झालेलं. स्वयंपाकी म्हणून मला सगळे 'महाराज' म्हणत. वय बावीस, मिशी धड फुटलेली नाही, पण महाराज. खानावळीचं नाव होतं ते पोळीमुळे. तव्यावर फुगलेली पोळी मी तशीच हातात झेलत नेऊन ताटात टाकायचो, वाफ जायच्या आत. लोक त्यासाठी भाजी संपली तरी बसून राहत.

दुसऱ्या वर्षी उजव्या अंगठ्याच्या मुळाशी तांदळाएवढा पांढरा ठिपका दिसला. पीठ असेल म्हणून धुतला. संध्याकाळी परत धुतला. चार दिवस मी ते पीठच धूत होतो.

तीन महिन्यांत दोन्ही पंजांच्या पाठी आणि बोटांची टोकं पांढरी पडत गेली. मुळात मी भित्रा माणूस. गावात एकाला कोड होतं, त्याच्या हातचं पाणी कोणी पीत नसे, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. आणि माझं तर पोटच हातावर. मग मी हळद लावून ठेवू लागलो, पूर्ण बाह्यांचे सदरे घालू लागलो, पोळी चिमट्याने वाढू लागलो. जेवणाऱ्यांनी एकदा पाहिलं की इथली चूल संपली आणि असे हात घेऊन गावी परत जायची तर सोयच नाही, एवढंच दिवसरात्र डोक्यात.

काकूंनी पकडलंच. "काहून हात लपवून राहिला रे? भाजला काय?"

"नाही, काही नाही."

"ठेव इथं ओट्यावर."

मी ठेवले. त्यांनी चष्मा नाकावर ओढून पाहिलं, ओल्या फडक्याने हळद पुसली, परत पाहिलं. मला वाटलं आता हिशेब करून बोळवण करतील.

"कोड आहे हे. लागट नसते. समता कॉलोनीत चामडीची डॉक्टरीण आहे, उद्या जाऊ."

"आणि जेवणारे?"

"जेवणाऱ्यांचं मी पाहून घेईन. तोवर तू आत लाट, बाहेर मी वाढते."

त्या 'तोवर'ला धरून मी आठ महिने काढले.

डॉक्टर मॅडम हिंदीतून बोलायच्या, आणि मी अडाणी म्हणून घाईघाईने बोलायच्या नाहीत. पहिल्या दिवशी रक्त तपासायला लावलं, डोळे तपासायला लावले, आणि मग गोळीची पट्टी माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, "ये गोली अकेली कुछ नहीं करती. धूप भी अकेली कुछ नहीं करती. दोनों को मिलाना पड़ता है, और नाप से."

ते त्यांनी मला नीट समजावलं. गोळी जेवणावर घ्यायची. दोन तासांत ती रक्तातून कातडीपर्यंत पोचते आणि तिथं निजून राहते. ऊन पडलं की जागी होते आणि रंग बनवणाऱ्या पेशींना कामाला लावते. म्हणून एक दिवसाआड नऊ वाजता गोळी, अकरा वाजता ऊन, सुरुवातीला पाच मिनिटं. ऊनही औषधच समजायचं, जास्त झालं तर भाजतं. आणि गोळी डोळ्यांतही पोचते, तेव्हा गोळी घेतल्यापासून दिवस मावळेपर्यंत काळा चष्मा, घरातसुद्धा. बावचीच्या बियांत हेच द्रव्य असतं, असंही त्या म्हणाल्या. बावची मला माहीत होती, आमच्याकडे शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उगवते. त्यामुळे थोडा धीर आला. ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

खानावळीच्या गच्चीवर मी स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ घेऊन जायचो. बाह्या मनगटापर्यंत, तोंडाला गमछा, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि दोन्ही पंजे उन्हात धरलेले. खालून कोणी पाहिलं असतं तर हा इसम सूर्याकडे भीक मागतो आहे असंच वाटलं असतं. घड्याळावर माझा भरवसा नव्हता म्हणून तोंडानेही साठपर्यंत पाच वेळा मोजायचो.

खरी पंचाईत चष्म्याची. पोळ्या लाटताना चष्मा असायचाच, आणि स्वयंपाकघराचं दार जेवणाच्या खोलीत उघडायचं. एका कचेरीतले बडे बाबू होते, जबलपूरचे मराठी, पोट आणि आवाज दोन्ही मोठे. ते रोज दाराशी बसायचे.

"काय महाराज, शूटिंग आहे काय आज?"

"डोळे आले, साहेब."

"मागच्या महिन्यातही आलेच होते."

"परत आले."

"तुमचे डोळे येऊनच राहिले बाप्पा, जाऊन नाही राहिले." सगळी खोली हसली. मीही हसलो, आणि पुढची पोळी वाकडी लाटली.

चौथ्या महिन्यात पंजाच्या पाठीवर, पांढऱ्याच्या मधोमध, राजगिऱ्याच्या दाण्याएवढे तपकिरी ठिपके उठले. प्रत्येक ठिपक्यात एकेक केस. मॅडमनी भिंग लावून पाहिलं आणि खूश झाल्या. रंग केसाच्या मुळातून परत येतो म्हणे. घरी येताना मी रिक्षात हात मांडीवर उघडे ठेवून बसलो. ऊन आता दहा मिनिटांवर गेलं होतं.

आणि इथंच माझा अतिशहाणपणा आडवा आला. फेब्रुवारीत काकूंनी लोणच्यासाठी पोतंभर लिंबं आणली. गोळी आणि ऊन यांच्यामधले दोन तास मला नेहमी रिकामे वाटायचे. रिकामं बसलं की माझ्या मनात नाही नाही ते येतं. म्हणून त्या दिवशी नऊला गोळी घेतली आणि गच्चीवरच्या सावलीत विळीवर लिंबं चिरायला बसलो. अकरा वाजेतो परात भरली. हात फडक्याला पुसले, धुतले नाहीत. खाली उतरून परत कोण येणार. तसेच उन्हात धरले. वर पाच मिनिटं जास्त दिली, लवकर बरं व्हावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी हात लाल झाले. तिसऱ्या दिवशी बोटांच्या बेचक्यांत आणि पाठीवर पाण्याने भरलेले फोड आले, काही तर बोराएवढे. लाटणं धरवेना. काकू स्वतः पोळ्या करायला बसल्या. काकूंचा हात भाजीला सोन्याचा, पण पोळी जाड.

बडे बाबूंनी पहिला घास तोडला आणि हाक मारली, "महाराज कुठं आहेत?"

"बरं नाही त्याले," काकू आतून म्हणाल्या.

"पाहतो," म्हणून ते सरळ स्वयंपाकघरात आले. मी पाटावर हात समोर धरून बसलो होतो. लपवायला जागाच नव्हती. फोड होते आणि फोडांच्या भोवती पांढरंही होतं.

त्यांनी वाकून दोन्ही हात पाहिले. मग काकूंना म्हणाले, "काकू, हे आम्हाला सांगायचं होतं."

"तुम्ही जेवले असते काय मग?"

बाबू मागे वळले. ताटात अर्धी पोळी तशीच टाकून हात धुऊन गेले. त्यांच्या मागून आणखी दोघं उठले.

दुपारी मॅडमकडे गेलो. रागावतील म्हणून मी आधीच पाच मिनिटांची चूक कबूल केली. त्यांचं समाधान झालं नाही. पाच मिनिटांनी एवढं होत नाही म्हणाल्या. मग एकेक विचारत गेल्या. गोळी किती? जेवण काय? अंगाला तेल, अत्तर, काही पाला? शेवटी म्हणाल्या, "उस सुबह हाथ से क्या काम किया?"

"नींबू काटे थे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. लिंबाच्या रसातही त्याच जातीचं द्रव्य असतं, उन्हात जागं होणारं. म्हणजे पोटातून एक मात्रा आणि वरून दुसरी. "गलती मेरी है," त्या म्हणाल्या. "रसोइये को दवा दी और नींबू का नहीं बताया."

शिकलेलं माणूस माझ्यासमोर स्वतःची चूक म्हणतंय, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. आजही त्या वाक्याची आठवण आली की मान आदराने खाली जाते. त्यांनी माझ्या कार्डावर ठळक अक्षरात 'नींबू नहीं' लिहिलं, मलम दिलं, महिनाभर गोळी बंद केली. मी निघताना एक गोष्ट विचारून घेतली. हे पसरतं का, माझ्या हातचं खाल्ल्याने? त्यांनी 'नाही' म्हटलं. का नाही ते मी परत परत विचारलं, पाठ होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळी मी चष्मा न लावता, सदऱ्याच्या बाह्या वर सारून दाराशी उभा राहिलो. खोलीत रोजच्यापेक्षा निम्मी माणसं होती. बडे बाबू आले होते. बहुतेक खानावळ सोडतो असं सांगायला आले असावेत, कारण बसले नव्हते.

"हे कोड आहे," मी म्हणालो. "यात जंतू नसतात. आपल्याच अंगातलं काहीतरी आपल्याच रंगावर उठतं. हात लावून, खाऊन, एका घड्याचं पाणी पिऊन नाही होत. फोड आले ते माझ्या मूर्खपणाने आले, गोळी घेऊन लिंबं चिरली. डोळे आले म्हणून सांगत होतो ते खोटं होतं. ज्यांना नको असेल त्यांनी जावं, माझा राग नाही."

एक बँकवाला म्हणाला, "गोळी घेऊन लिंबं चिरली की काय होते?"

मग मला ते सगळंच सांगावं लागलं, गोळी, दोन तास, ऊन, रस. आठवी नापास माणसाने उभं राहून पदवीवाल्यांना औषध समजावलं आणि ते घास धरून ऐकत होते. एकाने मध्येच विचारलं, त्याच्या बहिणीला असंच आहे, डॉक्टरीण कुठं बसते. मी दवाखान्याची गल्लीही सांगितली.

"काकू, आज पोळी कोणाची?" बडे बाबूंनी विचारलं.

"माझीच. त्याचे हात बरे व्हायचे आहेत."

"हव," ते म्हणाले आणि बसले. "मग भातच वाढा."

तिघं कायमचे गेले. बाकीचे टिकले. हात भरून आल्यावर गोळी पुन्हा सुरू झाली, वर्षभर चालली. पंजांच्या पाठी जवळजवळ भरल्या. बोटांची टोकं मात्र तशीच. तिथं केस नसतात, रंग यायला मूळच नाही. मॅडमनी विचारलं, आणखी प्रयत्न करायचा का. मी म्हटलं, नको, एवढं पुरे. त्यांना वाटलं मी हिरमुसलो. तसं नव्हतं. मला पाहिजे होतं ते मिळून गेलं होतं.

लिंबाचं सांगणं मी मात्र सोडलं नाही. दवाखान्यात नंबर लावून बसायचो तेव्हा शेजारच्या प्रत्येकाला विचारायचो, स्वयंपाक तुम्हीच करता काय? एका बाईने मला कंपाउंडर समजून चिठ्ठीच पुढे केली.

फोड पूर्ण बरे झाले त्या दिवशी पहिली पोळी मी बाबूंच्या ताटात टाकली, चिमटा न घेता. पाचही पांढरी बोटं त्यांच्या नाकासमोर होती. त्यांनी पोळी उलटून पाहिली.

"कडेला कच्ची आहे."

मी ती उचलली आणि परत तव्यावर टाकायला आत गेलो.