उस्मानभाईंनी गिरण बंद ठेवली तेव्हा

मिहिका आणि ईशान, परवा फोनवर मिहिका म्हणाली की तिचं कॉम्प्युटरवरचं मॉडेल काही केल्या शिकत नाही आणि चूक कुठे आहे तेही कळत नाही. तेव्हाच ठरवलं, कडावच्या उस्मानभाईंबद्दल आता लिहायचंच.

कुठलंही यंत्र अडलं की उस्मानभाई आधी त्याच्यासमोर उकिडवे बसत आणि बराच वेळ त्याला हात लावत नसत. "मशीन खोटं बोलत नाय, बाई. तिला खायला काय घातलं ते बघा." साजगावच्या एका कारखान्यात दुरुस्तीचं काम करून ते निवृत्त झाले, मग घराला लागून असलेली भाताची गिरण चालवू लागले. लॅपटॉप घेतला तेव्हा त्याच्यासमोरही ते तसेच बसत, स्टुलावर पाय घेऊन.

त्यांच्या पत्नी जैतुनबी गेल्यावर जैतुनबींच्या आवाजाची एकच कॅसेट उरली होती. कॅसेटमध्ये त्या लग्नाचं गाणं म्हणतात आणि मागे गिरण धडधडते. उस्मानभाईंना फक्त जैतुनबींचा आवाज हवा होता. आवाज वेगळे काढणारा प्रोग्राम त्यांनी कुठून तरी मिळवला. त्याची इंग्रजी माहिती समजावून घ्यायला ते माझ्याकडे येत. त्याला नुसत्या आवाजाचा नमुना द्यावा लागत नसे. दोन रेकॉर्डिंगं एकत्र ओतायची आणि म्हणायचं, तुकडे असे कर की ते जुळवून मूळची दोन्ही परत मिळतील. या खटपटीत मशीन आपलं आपण आवाज वेगळे करायला शिकतं.

त्यांचं मशीन शिकेना. एका फाइलमध्ये जैतुनबी आणि गिरण, दुसरीत शांतता. "आमच्या संसारासारखंच हाय," ते म्हणाले. "समदा आवाज तिकडं, मी गप्प."

तीन महिने त्यांनी प्रोग्राममधले आकडे फिरवून पाहिले. शेवटी मी म्हटलं, मशीनला काय ऐकवता ते मलाही ऐकवा. गिऱ्हाइकं, पाहुणे, मासळीवाली, शंभरेक माणसांचं बोलणं त्यांनी मशीनला शिकवायला हौसेनं जमवलं होतं. प्रत्येकाच्या मागे गिरण.

"कुठं हाय गिरण?" त्यांनी विचारलं. थट्टा नव्हती, त्यांना ती खरोखरच ऐकू येत नव्हती.

मी म्हटलं, या मशीनला गिरणीशिवाय माणूस भेटलेलाच नाही. माणूस आणि गिरण ही दोन आहेत, हे त्यानं ओळखावं कसं? ते लॅपटॉपसमोर उकिडवे बसले. मग म्हणाले, "मीच खिलवलं."

ऐन भाताच्या हंगामात त्यांनी दोन दिवस गिरण बंद ठेवली. लोक पोती घेऊन उभे. भाई म्हणाले, आधी बोला, भात मागनं. पण त्या अंगणात ओरडूनच बोलायची सवय; शांततेतही सगळे ओरडत होते. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना रस्त्यावर थांबवून त्यांनी नुसत्या गिरणीचा आवाज घेतला. नवं-जुनं मिसळून मशीनला पुन्हा शिकवलं.

आठवड्याने त्यांनी मला बोलावलं. गाणं स्वच्छ ऐकू आलं. गाणं संपल्यावर जैतुनबी शेजारणीशी बोलत होत्या. ते आजवर कुणाला ऐकू आलं नव्हतं.

"कवाधरनं सांगतेय गं, ती गिरण घरापासनं लांब न्या. त्यांना ऐकूच जात नाय."

उस्मानभाई हसले. मग चष्मा काढून पुसत राहिले. "आत्ता ऐकलं गं," ते म्हणाले. माझ्याशी नाही.

त्या उन्हाळ्यात त्यांनी गिरण शेताच्या कडेला हलवली. गेल्या वर्षी ते गेले. गिरण पुतण्या चालवतो. घरात तिचा आवाज येत नाही. जैतुनबींचं गाणं आणि ते एक वाक्य माझ्या लॅपटॉपवर आहे.