माळवदावरचा कासरा

धुपणी हा शब्द ज्यानं काढला, त्याला चैत्रातल्या उन्हात अनवाणी उभं करायला पाहिजे. बाईच्या अंगावरून जरा पांढरं गेलं की लागलीच धुपणी. मग ते कसलं, महिन्यातल्या कोणत्या दिवसांत आलं, त्याला वास आहे का नाही, कुणी विचारायचं नाव नाही. हाडं झिजली, त्यांचा चुना होऊन अंगातून वाहायला लागला, असं मात्र गल्लीभर होतं. अयोध्याबाईचा संसार या एका शब्दापायी मोडता मोडता राहिला, आणि तो तिनं कसा राखला ते ऐकण्यासारखं आहे.

अयोध्या मूळची परंड्याची. आपला उस्मानाबाद जिल्हा मुंबई राज्यात गेला त्या साली तिचं लग्न झालं आणि ती येरमाळ्याजवळच्या एका वाडीत नांदायला आली. नवरा बिभीषण, जोंधळ्याचं रान, बैलजोडी, वर मातीचं सपाट छत, म्हणजे माळवद, असलेलं घर, आणि त्या घरात सासू सिताबाई. सिताबाई कामाला वाघीण आणि तोंडाला फटकळ. नवरा तरणाताठा गेला, तरी तिनं बांध कुणाला कोरू दिला नाही, लेक एकटीनं वाढवला. आता तिला फक्त नातवंड पाहिजे होतं, आणि ते कालच पाहिजे होतं.

वर्ष गेलं, दुसरं लागलं, तरी सुनेची कूस काही उजवेना. एक दिवस ओढ्यावर धुणं धुताना सिताबाईला सुनेच्या लुगड्यावर डाग दिसला.

"काय गं हे?"

"येतंय आत्याबाई अधनंमधनं. दोन पाळ्यांच्या मधी. बोटाला धरलं की तार निघती."

पोरगी खरं बोलली, आणि तिथंच फसली. सिताबाईनं कपाळाला हात लावला. सुनेला धुपणी लागली, म्हणून तर पोर होईना, असं तिनं तिथल्या तिथं ठरवून टाकलं. आणि सिताबाईनं ठरवलं की ते ब्रह्मदेवालाही खोडता येत नसे.

मग औषधं सुरू झाली. येरमाळ्याच्या देवीआईच्या यात्रेत भाविक रानातली चुनखडी वेचतात. सिताबाईनं त्यातले खडे घरी आणले, कुटले आणि दुधातून सुनेला पाजले. हाडातला चुना गेला तर वरून चुना भरायचा, सरळ हिशेब. देवीनं असं कुणाला सांगितलं नव्हतं. हे सगळं सिताबाईच्या टाळक्यातलं. त्यानं पोट तेवढं गच्च झालं. मग एक वैदू आला, तो तुरटीचे खडे देऊन गेला आणि ते अंगाच्या आत ठेवायला सांगून गेला. रात्रंदिवस आग आग व्हायला लागली, तरी अयोध्या दातावर दात ठेवून ते ठेवत राहिली. करते काय?

त्यात आणखी एक रीत होती. पाळीची फडकी धुतली की गोवऱ्यांच्या ढिगामागं, कुडाच्या फटीत, जिथं सूर्य कधी डोकावत नाही अशा जागी वाळत घालायची. फडकं नागाच्या नजरेला पडलं तर कूस कायमची बांधली जाते म्हणे. आता त्या ओलसर अंधारात फडकी वाळणार कुठली? दमट, कुबट फडकं पुढच्या महिन्याला तसंच अंगाला लागायचं.

व्हायचं तेच झालं. मुळात ठणठणीत असलेली पोर खरोखरची आजारी पडली. खाज सुटली, लघवीला जळजळ व्हायला लागली, अंगावरून फुटलेल्या दह्यासारखं जायला लागलं. आता तिचाही विश्वास बसला की आपली हाडं संपत आलीत.

"म्हायेरी जा," सिताबाई म्हणाली. "चैताच्या यात्रंपातुर बरी झालीस तर ये. न्हायतर बिभीषणाला मी दुसरी बघती."

दुसरी बायको करायला तेव्हा कायद्यानं बंदी आली होती. पण कायदा राहिला कळंबच्या कचेरीत, वाडीत राज्य सिताबाईचं. बिभीषण गोठ्याच्या दारात बैलाचा कासरा हातात धरून उभा होता. त्यानं त्या कासऱ्याची गाठ सोडली, बांधली, परत सोडली, पण तोंडातून शब्द काढला नाही. अयोध्याला सासूच्या रागाचं काही वाटलं नाही, नवऱ्याचा मुकेपणा मात्र तिला लागला.

परंड्यात तिच्या माहेराशेजारी चाँदबी राहायची. बांगड्या भरणारी. हातात धरलेल्या हातावरून बाईचं सुखदुःख ओळखणारी आणि ओळखलं की थेट तोंडावर विचारणारी. तिनं पेटीतून हिरव्या बांगड्या काढल्या तर अयोध्यानं हात मागं घेतला.

"कशाला भरू मावशी? चैतात सवत यायलीय."

चाँदबीनं सगळं ऐकून घेतलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "खाज हाय का?"

"हाय."

"जळजळ?"

"लई."

"मलाबी झालतं असंच. म्या तर कफनाचं कापडसुदिक बघून ठिवलं हुतं. मग बार्शीच्या डॉक्टरीणबाईनं बरं केलं आन् ते कापड पोराच्या सदऱ्याला कामाला आलं. ऊठ, सकाळच्या मोटारीनं जाऊ."

बार्शीच्या डॉक्टरीणबाई उंच, सावळ्या, बोलायला शांत. त्यांनी पडद्यामागं तपासलं, विचारपूस केली. तुरटीचं ऐकून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, चुनखडीचं ऐकून त्या आणखी वाढल्या.

"हाडातून काही वाहत नाही, बाई," त्या म्हणाल्या. "तुझी दोन वेगवेगळी पाणी आहेत, ती आधी वेगळी कर. पाळी गेल्यावर थोडे दिवस कोरडं वाटतं ना? मग मधल्या दिवसांत अंड्यातल्या पांढऱ्यासारखं, स्वच्छ, तार धरणारं येतं?"

"व्हय. आधीपसनं येतंय."

"ते तब्येतीचं लक्षण आहे. गर्भ राहण्याचे दिवस तेच. त्यानंतर जरा घट्ट, पांढरट येतं, आणि मग पाळी. वास नाही, खाज नाही, तर घाबरायचं काही नाही. दर महिन्याला शरीर हे करणारच."

अयोध्या शेतकऱ्याची लेक. तिच्या तोंडून आपोआप निघालं, "म्हंजी वापसा."

पाऊस पडून गेल्यावर जमीन ना चिखल ना कोरडी, पेरायला अगदी जोगती होते, तो वापसा. डॉक्टरीणबाई हसल्या. "हो, तसंच समज. आणि वापसा आला म्हणून कुणी रान टाकून देतं का?"

अयोध्या तिथंच रडायला लागली. सुटल्याचं रडू होतं ते. ज्या गोष्टीपायी तिला घराबाहेर काढलं, ती तर पेरणीची वेळ होती.

"पण आत्ता जे दह्यासारखं जातंय तो आजार आहे," डॉक्टरीणबाईंनी पुढं सांगितलं. "आत काही ठेवू नकोस, आत धुऊ नकोस, बाहेरून साधं पाणी पुरे. फडकी कडक उन्हात वाळव. पिवळं-हिरवं गेलं, घाण वास आला, खाज सुटली, अवेळी रक्त दिसलं, तर लाजत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा. आणि ज्यांची पाळी कायमची गेलीय त्यांना रक्त दिसलं तर एक दिवससुद्धा थांबायचं नाही."

मग त्यांनी एक जांभळं औषध लावलं. परतीच्या मोटारीत चाँदबी म्हणाली की आता तुझं लुगडं धुताना ओढा जांभळा होणार, आणि अयोध्या कितीतरी दिवसांनी पोट धरून हसली.

यात्रेच्या आधीच ती ठणठणीत झाली. बोलावण्याची वाट न बघता सासरी निघाली. पाठराखीण म्हणून बांगड्यांची पेटी घेऊन चाँदबी. अयोध्या दारात पोचली, सासूच्या पाया पडली आणि तडक गोवऱ्यांच्या ढिगामागं गेली. तिथली जुनी फडकी काढली, उकळत्या पाण्यात घातली, स्वच्छ धुतली आणि शिडी लावून माळवदावर चढली. जिथं कुरडया वाळतात, मिरच्या वाळतात, त्या भर उन्हात. शेजारणी आपापल्या माळवदावरून बघायला लागल्या.

"उतर खाली," सिताबाई अंगणातून ओरडली. "नाग बघंल."

"बघू द्या आत्याबाई. त्येला आधी शिडी लावावी लागंल."

शेजारचं माळवद फिसकन हसलं. सिताबाईचा चेहरा लाल झाला. "तुझी धुपणी गेली का?"

"धुपणी कवाच नव्हती. वापसा हुता. तुमी वापशावर चुना वतला."

"मी दुसरी सून आणणार हाय."

आणि मग बिभीषण गोठ्यातून बाहेर आला. त्याच्या हातात तोच कासरा होता. सगळ्यांना वाटलं आता हा बायकोला ओढून खाली आणतो. तो शिडी चढला, कासऱ्याचं एक टोक या खुंटाला, दुसरं त्या खुंटाला आवळून बांधलं, फडक्यांना वाळायला दोरी करून दिली, आणि वरूनच म्हणाला, "आय, दुसरी न्हाय आणायची. हीच ऱ्हाणार."

लग्नानंतर त्यानं आईपुढं काढलेला हा पहिला शब्द. चाँदबीनं अंगणातच पेटी उघडली आणि अयोध्याच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत चुडा भरला.

पुढच्या चैत्रात अयोध्या पोटुशी होती. वापसा तिला कळत होता आणि आता तो बिभीषणालाही कळत होता, एवढंच सांगून मी गप्प बसते. मुलगी झाली, मागून मुलगा झाला. हळूहळू आसपासच्या माळवदांवरही दोऱ्या आल्या, आणि पोरी न्हाण आलं की अयोध्याबाईकडं यायला लागल्या, काय चांगलं अन् काय वाईट ते विचारायला. फक्त सिताबाई त्या कासऱ्याकडं कधी बघत नसे. हरायचं तिच्या रक्तात नव्हतं.

नातू शाळेत जायला लागला त्या वर्षी सिताबाई कोपऱ्यात बसायला लागली. नातवंडांना मांडीवर घेईना. सारखा ऊद जाळायची. सून सगळं बघत होती. एक दिवस गोवऱ्यांच्या त्याच ढिगामागं अयोध्याला एक ओलं फडकं सापडलं. पाणचट, तांबूस, घाण वासाचं. सिताबाईची पाळी जाऊन तर कितीतरी वर्षं झाली होती.

फडकं घेऊन ती सासूसमोर बसली. "आत्याबाई, कवापसनं?"

सिताबाईनं मान खाली घातली. "दिवाळीपसनं. धुपणी लागली गं मला. तुला ह्येच्याचपायी घराभाईर काढलं, आता कुंच्या तोंडानं सांगू?"

सुनेच्या मनात काय काय येऊन गेलं असेल. तुरटीची आग, ती चुनखडी, सवतीचं भ्या. बोलली एवढंच, "तोंड ऱ्हाऊ द्या. ह्यो वापसा न्हाय, ह्यो आजार हाय. चला."

बिभीषणानं बैलगाडी जुंपली, येरमाळ्यावरून मोटार धरली, बार्शी गाठली. त्याच डॉक्टरीणबाई, आता केस पिकलेले. गर्भपिशवीच्या तोंडाशी एक गाठ होती. त्यांनी ती काढली, तपासायला पाठवली, आणि निकाल आला तो चांगला आला. "वेळेवर आणलंत," त्या म्हणाल्या. "बायका असलं लपवतात आणि जिवाला मुकतात." सिताबाईनं सुनेचा हात जो धरला, तो वाडी येईपर्यंत सोडला नाही.

थोडी उभारी आल्यावर एका सकाळी सिताबाईनं त्या दुखण्यातलं आपलं फडकं स्वतः धुतलं. सून म्हणाली, द्या, मी घालते वाळत. म्हातारीनं दिलं नाही. एक एक पायरी करत शिडी चढली, माळवदावर गेली, धापा टाकत कासऱ्यापाशी उभी राहिली आणि फडकं भर उन्हात पसरलं.

पलीकडच्या माळवदावरून शेजारीण म्हणाली, "सिताबाई, नाग बघंल की."

"यिऊ दे," सिताबाई म्हणाली. "माझी सून हाय हितं."