त्याला ती हवीच असली तर

वृंदा पेणच्या एका कॉलेजात कायद्याचा इतिहास शिकवते. तिचा नवरा महादेव रोह्याच्या शाळेत गणित शिकवायचा, अजूनही शिकवतो. तिचा नवरा मात्र तो आता राहिला नाही.

काही वर्षांपूर्वी वृंदाचं दुसऱ्या एकावर मन बसलं होतं. ते फार टिकलं नाही. तिने स्वतःच महादेवला सगळं सांगितलं. तो गॅलरीत गेला, मग आत येऊन म्हणाला, "तू जाऊ नकोस."

पण गोष्ट घराबाहेर गेलीच. त्याचा थोरला भाऊ दत्तात्रेय येऊन बसला. "अशा बाईला घरात ठेवणाऱ्याला लोक काय म्हणतात, माहितीय ना?" बहिणींनी येणं सोडलं. शाळेत डबा खाताना बाकीचे उठून जाऊ लागले. वर्षभर महादेवने तग धरला. मग एका सकाळी तिच्याकडे न बघता म्हणाला, "माझ्याच्यानं नाही होत गं."

घटस्फोट झाला, वृंदा पेणला आली. बाजारात तिचा हात अजून तोंडल्यांकडे जातो. तोंडली त्याला आवडायची, तिला नाही.

यंदा ती वर्गात व्यभिचाराचा रोमन कायदा शिकवत होती. दोषी बाईला एका बेटावर धाडत, तिच्या प्रियकराला दुसऱ्यावर. वेश्येला तो कायदा लागू नव्हता, म्हणून शिक्षा टाळायला एखादी घरंदाज बाई आपलं नाव वेश्या म्हणून नोंदवून घेई. आणि कळूनही नवऱ्याने बायकोला सोडलं नाही, तर त्याच्यावर बायकोची दलाली केल्याचा गुन्हा.

कोलाडजवळच्या कातकरीवाडीतून येणारी संध्या म्हणाली, "मॅडम, पण त्याला ती हवीच असली तर?"

"कायदा ते विचारत नव्हता."

"माझी मावशी अशीच दुसऱ्यासोबत गेलेली. मावसा जाऊन घेऊन आला तिला. वाडी थोडं बोलली, मग गप झाली."

वृंदाने तास तिथेच संपवला.

रविवारी ती रोह्याला गेली. महादेवने दार उघडलं आणि तिला वाट दिली.

"मी तुला अजून हवी आहे का?" तिने विचारलं.

"हवीच होतीस," तो म्हणाला. "पण तुला घरात आणून पुन्हा सगळ्यांशी भांडायचं बळ नाही माझ्यात."

तिला राग आला नाही. तिने चहा टाकला. दोघं दुपारभर बोलत बसली.

हल्ली ती बहुतेक रविवारी जाते. संध्याकाळी तो स्टँडवर सोडायला येतो. पेणची बस लागते, भरते, निघून जाते. दोघं बाकावर बसून असतात.